पाहुण्यांची हुंडी

पाहुण्याकडे पैसे मागणें ही गोष्ट आमच्या लोकांस फार जड जाते. जो आपल्या घरीं रात्र राहिला, आपल्या विहिरीचें पाणी प्याला, त्यास निघतांना ‘इतके रुपये झाले’ असें म्हणावयाचें, म्हणजे आपल्याच तोंडानें आपलें अगत्य मोजून दाखवावयाचें! त्यामुळें पुष्कळांचा व्यवहार ‘काय तें समजून द्या’ या एका वाक्यावर चालतो. देणारा कमी समजला तर मालक मनांतल्या मनांत कुढतो आणि जास्त समजला तर पाहुणा वाटभर कुढतो.

आम्ही राहतों सांगलीस. पण वडिलोपार्जित घर आहे साताऱ्याहून कासकडे जातांना, यवतेश्वराच्या बाजूला. २०१२ सालीं पश्चिम घाटाची जागतिक वारशांत गणना झाली, तींत कासचें पठारही आलें, आणि भाद्रपद-आश्विनांत फुलें पाहण्यास येणारांची रीघ वाढली. त्या घरांतील दोन खोल्या आम्हीं पाहुण्यांसाठीं काढून ठेविल्या आहेत. किल्ली, चूल आणि आदरातिथ्य हें सर्व तेथील एका बाईंच्या हातीं आहे. सारे त्यांस काकू म्हणतात, आम्हीही तसेंच म्हणतों. उत्पन्नाची अर्धी वांटणी त्यांची. आमच्या लेखीं तो जोडधंदा असला, तरी त्यांच्या घरचें मीठमिरचीपासून नातीच्या शाळेपर्यंत सारें त्यावर चालतें.

२०१६ सालीं यूपीआय आलें आणि बहुतेक पाहुणे त्यानें पैसे देऊं लागले. पण तीन-तीन महिने आधीं खोली धरून ठेवणारे, विशेषतः परदेशांतून सुटीवर येणारीं आपलीं कुटुंबें, क्रेडिट कार्डाखेरीज बोलेनात. शेवटीं आम्हींही एका बँकेशीं तसा करार केला. आतां पाहुण्यास फोनवर एक दुवा पाठवावयाचा, त्यानें आपल्या कार्डाचा क्रमांक भरावयाचा, कीं दोन दिवसांत पैसे आमच्या खात्यांत जमा. मागण्याचा संकोच यंत्रानें आपल्या अंगावर घेतला, हा त्याचा पहिला उपकार.

ही युक्ति नवी खरी. पण तिच्यांतलें तत्त्व आपल्या बाजारपेठांस परकें नाहीं. दूरगांवच्या अनोळखी माणसाच्या कागदावर पैसे मोजावयाचे, कारण मध्यें तिसऱ्या कोणाची पत उभी आहे, हेंच हुंडीचें मर्म. कार्ड ही पाहुण्याच्या दृष्टीनें मुदती हुंडी आणि आमच्या दृष्टीनें दर्शनी. त्याचे पैसे महिन्यानंतर जातात, आमचे लगेच येतात. या सोयीची हुंडणावळ मात्र आम्हीं भरावयाची. दोन खोल्यांचे दोन रात्रींचे बारा हजार रुपये झाले, तर शेंकडा दोन प्रमाणें २४० रुपये बँकेचे, त्यावर अठरा टक्के जीएसटी ४३ रुपये २० पैसे. यूपीआयनें आणि रूपे डेबिट कार्डानें घेतलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२० पासून ही कपात नाहीं. क्रेडिट कार्डावर आहे.

फरक आहे तो पत देणाऱ्या त्या तिसऱ्याच्या ओळखींत. साताऱ्यांत १९३६ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं युनायटेड वेस्टर्न बँक काढली. सांगली बँक तिच्याहून वीस वर्षांनीं वडील, १९१६ ची. पहिली २००६ सालीं आयडीबीआय बँकेंत आणि दुसरी २००७ सालीं आयसीआयसीआय बँकेंत विलीन झाली. त्या काळच्या गल्ल्यावरचा मनुष्य आपल्या वडिलांस नांवानें ओळखीत असे. आजची कार्डाची बँक पाहुण्यास ओळखते, तीही आंकड्यांनीं. आम्हांस तर ती मुळींच ओळखत नाहीं, आणि काकूंस तर स्वप्नांतही नाहीं.

याचा प्रत्यय एका पावसाळ्यांत आला. दोन रात्री राहून गेलेल्या एका पाहुण्यानें पुढें दीड महिन्यानें आपल्या बँकेकडे तक्रार केली, कीं जागा वर्णनाप्रमाणें नव्हती. पठारावर धुकें होतें आणि फुलें दिसलीं नाहींत, ही गोष्ट खरी. पण तें धुकें आम्हीं आणलें नव्हतें. बारा हजार रुपये आमच्या खात्यांतून परत ओढले गेले आणि पुरावा मागण्यांत आला. पुरावा निघाला काकूंच्या वहींत. आल्या-गेल्याची वेळ, ताटांचा हिशेब, पाहुण्याची सही आणि खालीं त्याच्याच हातची पिठलें-भाकरीची तारीफ. त्या पानाचें छायाचित्र पाठविलें. सात आठवड्यांनीं निकाल आमच्यासारखा लागला. काकू एवढेंच म्हणाल्या, “दादा, काही आवडलं नव्हतं तर त्यांनी मलाच सांगायचं. बँकेला काय कळतंय पिठल्यातलं?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तरी पाहुण्याची बाजूही विसरतां येत नाहीं. न पाहिलेल्या घरासाठीं तो तीन महिने आधीं पैसे देतो. चित्रांत एक आणि प्रत्यक्षांत दुसरें दाखविणारीं घरें जगांत थोडीं नाहींत. तक्रारीचा हा अधिकार नसता, तर अनोळखी घराच्या भरंवशावर त्यानें एक रुपयाही पाठविला नसता. तेव्हां हा अधिकार काढून घ्यावा असें आम्ही म्हणणार नाहीं. प्रश्न इतकाच, कीं त्याचा भार कोणीं सोसावयाचा?

जुन्या पेढ्यांचा दंडक असा, कीं ज्याची सही, त्याची जोखीम. बँकेच्या करारावर सही आमची आहे, काकूंची नाहीं. म्हणून त्या पावसाळ्यापासून आम्हीं रीत ठरविली आहे. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडला, कीं त्याच संध्याकाळीं काकूंची अर्धी वांटणी त्यांच्या हातीं पोंचवावयाची, तीही पुऱ्या रकमेची. बँकेची कपात आमच्या अर्ध्यांतून जाईल, आणि हुंडी परत फिरली तर तीही आमच्याच दारीं फिरेल. भाकरी त्यांनीं एकदां थापली, ती परत पीठ होत नाहीं. तिचे पैसेही परत फिरतां कामा नयेत.