आजऱ्यांतील एक पावसाळा

गडहिंग्लजाहून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यानें प्रवासी जसजसा पश्चिमेस सरकतो, तसतशी भूमि आपला रंग पालटूं लागते. काळी माती मागें पडते, तांबडी माती व जांभा दगड दिसूं लागतो, आणि उंसाच्या जोडीस काजूचीं व फणसाचीं झाडें दृष्टीस पडतात. याच मार्गावर, हिरण्यकेशीच्या कांठीं, आमचें आजरा गांव वसलें आहे. या नदीचा उगम आंबोलीस, सह्याद्रीच्या माथ्यावर. परंतु पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असतां ती पूर्वेस वळते आणि घटप्रभेस मिळून अखेर कृष्णेच्या ओघांत जाते. एके काळीं हा इचलकरंजीच्या घोरपडे जहागिरींतील एक महाल होता. येथील घनसाळ तांदुळाच्या सुवासाची ख्याति जुनीच. २०१६ सालीं त्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. इतकें प्रवाशास एका दिवसांत कळतें. मात्र गांवाची खरी ओळख व्हावयाची तर येथें एक पावसाळा काढावा लागतो. आणि सारा जन्म येथेंच जाऊनही आम्हांस ती ओळख गेल्या वर्षीं प्रथम झाली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामास येतो, आणि त्याची तयारी मृगापूर्वीं व्हावी लागते. कौलांची शाकारणी, पन्हळींची सफाई, सरपण कोरड्या जागीं रचणें, परसांत हळद व आलें लावणें, वेलांसाठीं मांडव घालणें, पापड-लोणच्यांची बेगमी, अशी कामांची मोठी यादी असते. शाळेंत ३० वर्षें आम्हीं मुलांकडून वर्षाऋतूवर निबंध लिहवून घेतले. परंतु घरांत ही तयारी कोण करितें, याचा विचार कधीं केला नव्हता.

गेल्या वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस वळवाची एक सर येऊन गेली, आणि विहिरीच्या जांभ्याच्या पायरीवरून आमच्या सौ.चा पाय घसरला. घोट्याचें हाड मोडलें. डॉक्टरांनीं प्लास्टर घातलें व बजाविलें कीं, सहा आठवडे या पायावर भार द्यावयाचा नाहीं; पाय उशीवर उंच ठेवावा, प्लास्टर भिजूं देऊं नये, आणि बोटें निळीं पडलीं किंवा बधिर झालीं तर तत्काळ कळवावें.

घरीं पुतण्या व त्याची पत्नी असल्यामुळें शुश्रूषेची अडचण नव्हती. आम्हीं मोठ्या उत्साहानें सर्व कारभार हातीं घेतला. विश्रांति मिळावी म्हणून सौ.ची खाट आंतल्या खोलींत टाकली, कोठीच्या किल्ल्या सूनबाईंच्या हवालीं केल्या, आणि "तूं कशाचीही काळजी करूं नकोस" असें सांगून आम्ही परसांत उतरलों. तण समजून दोन वाफे मुळासकट उपटून मोकळे केले. शाकारणीस मोठ्या मिनतवारीनें गडी मिळाले, ते ओसरीवरचीं कौलें परतून गेले. आणि पहिल्याच मोठ्या पावसांत देवघर गळूं लागलें. एके दिवशीं हौसेनें घनसाळाचा भात शिजविला, त्याची पेज झाली. यांपैकीं कांहींही आम्हीं आंतल्या खोलींत कळूं दिलें नाहीं.

सौ. मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालल्या. जेवण कमी झालें. वेदनेमुळें असेल, असें आम्हांस वाटलें. एके सायंकाळीं सूनबाईंनीं उपटलेल्या रोपांपैकीं कांहीं त्यांस नेऊन दाखविलीं. तीं हातांत घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, हें तण नव्हे. ही आईंची आंबेहळद आहे. दर वर्षीं कंद राखून लावीत आलें." आमच्या मातोश्री जाऊन २० वर्षें झालीं आहेत. थोड्या वेळानें भिंतीकडे तोंड करून त्या एवढेंच बोलल्या, "मोडला आहे तो पाय. विचारलें असतें तर सांगतां आलें असतें." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

संस्कृत शिकवितांना प्रयोजक क्रियापदाचा पाठ आम्हीं शेंकडों वेळां दिला असेल. जो दुसऱ्याकडून काम करवितो, तोही व्याकरणाच्या दृष्टीनें कर्ताच. वर्गांत घोटून घेतलेला हा नियम आम्ही घरीं विसरलों होतों. दुसऱ्या दिवशीं खाट पडवींत, परसूं दिसेल अशी आणली व किल्ल्या सौ.च्या उशाशीं ठेविल्या. उपटलेले कंद ओल्या मातींत पुन्हा लावले. रोज सकाळीं चहानंतर आम्ही वही घेऊन बसूं आणि त्या सांगतील तें टिपून घेऊं. देवघराची गळती कौलांची नसून फणसाच्या पानांनीं तुंबलेल्या पन्हळीची आहे, हें त्यांनीं खाटेवरून सांगितलें. नव्या तांदुळास पाणी कमी, जुन्यास अधिक. दोडक्याच्या वेलास मांडव गांठेपर्यंत काठी द्यावी. अळूस न्हाणीच्या पाण्याची जागा बरी. पाहतां पाहतां वही भरत आली, आणि सौ.चें जेवणही पूर्ववत् झालें.

सातव्या आठवड्यांत प्लास्टर निघालें. पाय बारीक झालेला, सांधा आंखडलेला. सायंकाळीं सूज येई. सांगितलेले व्यायाम नेमानें करून श्रावणांत त्या काठीच्या आधारानें विहिरीपर्यंत जाऊं लागल्या. तोंवर आम्हीं पायऱ्यांवरचें शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून काथ्यानें घांसून काढलें होतें व एक लोखंडी कठडा बसविला होता. तो कोणत्या बाजूस असावा, हें अर्थात् त्यांनींच ठरविलें.

पाऊस सरल्यावर आम्ही उभयतां रामतीर्थास गेलों. तेथें हिरण्यकेशी खडकांवरून खालीं झेंपावते व कांठीं श्रीरामाचें मंदिर आहे. ओल्या खडकाकडे बोट दाखवून सौ. म्हणाल्या, "पुढें जाऊं नका." आम्ही मुकाट्यानें थांबलों.

ज्या घरांत कोणी अंथरुणास खिळलें असेल, तेथील मंडळींस आमचें सांगणें इतकेंच कीं, आजाऱ्याच्या हातचें काम अवश्य काढून घ्यावें. पण त्याचा सल्ला घेण्याचें सोडूं नये.

माघांत आंबेहळद काढली. ती नेहमीपेक्षां थोडी कमी भरली. पुढल्या वर्षाचे कंद सौ.नीं निवडून वेगळे ठेविले, आणि ते कोणत्या टोपलींत आहेत, हें या वेळीं आम्हांसही दाखविलें.