नानांसोबत दुबई : पहिली रात्र

लासलगावातून परदेशी जाणे ही तशी नवलाची गोष्ट नाही. इथला कांदा कित्येक वर्षे दुबई, कोलंबो, सिंगापूरच्या स्वयंपाकघरांत जातो आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इथल्या विकिरण केंद्रातून 2007 साली हापूस आंबाही थेट अमेरिकेला गेला. जायचे राहिले होते ते आमचे नाना. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरवर बसून लिलावाची बोली ऐकण्यात त्यांची पन्नासेक वर्षे गेली. आपला माल ज्या गावी उतरतो ते गाव एकदा पाहावे, ही त्यांची इच्छा. आई होती तोवर ती निघाली नाही, आणि आई गेल्यावर नाना निघेनात. अखेर जानेवारी 2024 मध्ये, संक्रांत झाल्यावर, 82 वर्षांच्या वडिलांना घेऊन मी दुबईला गेले.

मी गेली 27 वर्षे याच परिसरात दवाखाना चालवते. प्रवासाला निघणाऱ्या आजी-आजोबांना सूचना देणे हे माझे नित्याचेच काम. त्यामुळे तयारी चोख होती, असे मला वाटत होते. औषधे मूळ वेष्टनात आणि हातातल्या पिशवीत. चिठ्ठीवर औषधांची शास्त्रीय नावे. विमा काढताना रक्तदाब आणि प्रोस्टेटची नोंद. ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगीवाचून नेता येत नाहीत, म्हणून गुडघ्यासाठी साधी पॅरासिटामॉल घेतली. धाकट्या वहिनींनी प्रेमाने बांधलेला अनारशांचा डबा मात्र मी घरीच ठेवला. तिथे खसखस निषिद्ध आहे आणि अनारशांवर ती असतेच. तिळगूळ चालला. वहिनी थोड्या रुसल्या.

पहाटे चारला मोटारीने निघालो. विंचूर, निफाड, नाशिक करत कसारा घाट आला. घाटात नानांना नेहमी मळमळते, म्हणून मी त्यांना उलटी थांबवणारी प्रोमेथाझिनची एक गोळी दिली. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे.

विमानतळावर चाकांच्या खुर्चीवरून आमचा वाद झाला. तिकिटाबरोबरच ती मागवलेली होती. "मी काय आजारी आहे का? शेतात अजून चालतो मी," नाना म्हणाले. "नाना, इथे चालायचे नाही, रांगेत उभे राहायचे आहे," मी म्हटले. ते बसले, पण तोंड फिरवून. मुंबई ते दुबई विमान तीन तासांचे. मी दर तासाला त्यांना पावले हलवायला लावली, एकदा मधल्या वाटेने फिरवूनही आणले. पाणी मात्र ते दर वेळी "नको" म्हणत परत करीत. तहान नसेल, असे मी समजले. विमानातली हवा फार कोरडी असते, हे मी इतरांना शंभरदा सांगितलेले आहे.

दुबईला आपल्यापेक्षा घड्याळ दीड तास मागे. एवढ्या फरकासाठी औषधांच्या वेळा बदलण्याची गरज नसते. लासलगावच्या नऊची गोळी तिथे साडेसातला दिली की झाले. देरा भागातल्या हॉटेलात पोहोचलो तेव्हा नाना थकले होते. थोडा वरणभात खाऊन झोपले.

रात्री एकच्या सुमारास मला जाग आली ती दाराच्या कडीच्या आवाजाने. नाना दार उघडू पाहत होते. अंगात सदरा उलटा. "चाळीला पाणी लागलंय, कांदा भिजतोय," ते म्हणाले. मी दिवा लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आईच्या नावाने हाक मारली.

डॉक्टर असले तरी त्या क्षणी मी फक्त मुलगी होते. हात कापत होते. मग सवयीने कामाला लागले. चेहरा एका बाजूला ओढला गेलेला नाही, दोन्ही हात सारखे उचलतात, बोलणे असंबद्ध पण उच्चार स्पष्ट. ताप नाही. साखर ठीक. नाडी जलद, जीभ लाकडासारखी कोरडी. ओटीपोट चाचपले, लघवी तुंबलेली नव्हती. शौचालयात नेले तर थोडी, गडद पिवळी लघवी झाली. आता एकेक कडी जुळू लागली. सकाळपासून पोटात जेमतेम दोन पेले पाणी, रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध, वर घाटात मी दिलेली ती गोळी. प्रोमेथाझिनने तोंड कोरडे पडते, आणि वृद्धांच्या मेंदूला ते सहज भ्रमात टाकते. तरुण माणसाला फक्त झोप येते. त्यात परकी खोली, अंधार, आणि मी सामानात घातलेला चष्मा.

हा भ्रम म्हणजे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. तो काही तासांत येतो आणि कारण दूर केले की बहुधा ओसरतो. पण त्याच्या मागे जंतुसंसर्ग, पक्षाघात, हृदयविकारही दडलेला असू शकतो. म्हणून मी मनाशी मर्यादा ठरवली : दोन तासांत सुधारणा नाही, किंवा ताप, उलटी, एका अंगाची अशक्तता असे काही दिसले, तर रुग्णवाहिकेसाठी 998 फिरवायचा. मी तपासू शकत होते म्हणून थांबले. वाचकांनी अशा वेळी थांबू नये, लगेच डॉक्टरांना गाठावे.

क्षारसंजीवनीचे पाणी चमच्या-चमच्याने पाजत राहिले. (हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर तेही विचारूनच द्यावे लागते.) चष्मा लावून दिला, न्हाणीघरातला दिवा चालू ठेवला. वाद घातला नाही. "कांदा झाकलाय, नाना. आपण दुबईला आहोत. मी तुमच्याजवळ आहे," एवढेच पुन्हा पुन्हा सांगितले. साडेतीनला त्यांना झोप लागली. मी खुर्चीत बसून राहिले आणि स्वतःच्या चिठ्ठ्या आठवत राहिले. घाटासाठी ही गोळी मी किती म्हाताऱ्या माणसांना लिहून दिली असेल?

सकाळी नाना शुद्धीवर होते, थोडे ओशाळलेले. चहा घेताना मी विचारले, "विमानात पाणी का नाही घेतलंत?" बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "लघवीला लागलं असतं. मोरीपर्यंत तू धरून नेणार. लेकीनं बापाला तिथं न्यायचं?"

एवढी साधी गोष्ट माझ्या यादीत नव्हती. खुर्ची ढकलणारा पुरुष मदतनीस सोबत होता. एका शब्दाने काम झाले असते. मीही तो शब्द काढला नाही, कारण वडिलांशी असले बोलायची आपल्याकडे रीत नाही. रोज अनोळखी माणसांना मी लघवीबद्दल दहा प्रश्न विचारते.

तो दिवस पूर्ण विश्रांतीचा. लघवीचा रंग निवळला, संध्याकाळी ते स्वतः उठून खिडकीशी गेले. उंच मनोरे पाहायचे बेत मी रद्द केले, त्याचे त्यांना काडीचे दुःख झाले नाही. तिसऱ्या दिवशी खाडीवर गेलो. एका दिरहममध्ये पैलतीरी नेणाऱ्या अब्रा नावाच्या लाकडी होड्या तिथे आहेत. होडी काठाशी हलत असते, पाय ठेवताना खरी भीती तीच. नावाड्याने नानांचा दंड धरला, मी मागून कंबर. पाण्यावरचा वारा लागला तसे नाना प्रथमच हसले.

परत येताना देऱ्यातल्या एका भाजीच्या दुकानापाशी ते थांबले. कांद्याच्या राशी होत्या, त्यांवर देशांच्या नावांच्या पाट्या. भारताचे नाव कुठेच नव्हते. 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी लागू झाली होती. ती उठली 4 मे रोजी. लासलगावचे लिलाव त्याच बंदीच्या निषेधार्थ बंद पडलेले नानांनी महिन्याभरापूर्वीच पाहिले होते. त्यांनी एक कांदा उचलला, बोटांनी दाबला, साल चोळून पाहिली. दिरहमचा भाव सुमारे साडेबावीस रुपयांनी गुणून क्विंटलला किती होतो ते मनातच काढले. आकडा मला सांगितला नाही. "पाणी जास्त आहे यात, टिकायचा नाही," एवढेच म्हणाले आणि कांदा जागेवर ठेवला.

परतीच्या वेळी खुर्चीवरून वाद झाला नाही. पाण्याची बाटली त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली होती, आणि घाटासाठी मी गोळीऐवजी पुढची जागा आणि आल्याची वडी ठरवून ठेवली होती. विमानात चढण्यापूर्वी नानांनी मदतनिसाला खुणेने बोलावले, मोडक्या हिंदीत काहीतरी सांगितले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इथंच बस. आम्ही आलोच."