‘माहीत नाही’ हेही एक उत्तरच

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की आपल्या घरी पेढे येतात आणि पेढ्यांच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो, “मग, आता पुढे काय?” पेढा हातावर घेणारा प्रत्येक जण तो विचारतो. मुलाने चटकन “डॉक्टर” नाहीतर “इंजिनिअर” म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होते. पण मूल खाली मान घालून “माहीत नाही” म्हणाले, की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. जसे काही आमटीत मीठ घालायला आपणच विसरलो!

आमच्या घरी हा प्रसंग दोनदा आला. पहिल्या वेळी मी चुकले. दुसऱ्या वेळी त्या चुकीने मला थोडे शहाणे केले. दोन्ही वेळची हकीकत तुम्हाला सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

माझी मुलगी २०१६ साली दहावी झाली. एक्क्याण्णव टक्के! आमच्या कराडच्या घरात इतके गुण आजवर कुणाला पडले नव्हते. “पुढे काय?” म्हणून विचारले तर ती म्हणाली, “अजून ठरवलं नाही.” मी हसून म्हटले, “ठरवायचंय काय त्यात? सायन्स!” झाले, विषय संपला.

त्याच वर्षी बोर्डाने दहावीच्या मुलांची कल चाचणी पहिल्यांदा घेतली होती. तिचा अहवाल आला, त्यात हिचा कल कला आणि मानव्यविद्या या शाखेकडे दिसत होता. मी तो कागद वाचला, घडी घातली आणि कपाटातल्या पिशवीत विजेच्या बिलांखाली ठेवून दिला. एक्क्याण्णव टक्क्यांची मुलगी आर्ट्सला घालायची? लोक हसतील!

खरे सांगू का? लोकांचे निमित्त होते. मला स्वतःला बारावीनंतर नर्सिंगला जायचे होते. वडिलांनी पाठवले नाही, वर्षभरात लग्न झाले. ती हौस मनाच्या तळाशी तशीच राहिली होती. मुलीच्या अंगावर मी माझाच पांढरा कोट चढवत होते, हे मला तेव्हा कळले नाही.

भिशीचे पैसे क्लासच्या फीत गेले. अकरावीच्या दिवाळीत मी चकल्या तळत होते, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “आई, मला हे जमत नाही गं.” मी झाऱ्यावरची नजरही न काढता म्हटले, “अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच अवघड जातं.” ती परत गेली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

२०१८ मध्ये बारावी झाली. नीट परीक्षेत गुण अगदीच कमी. पुन्हा एक वर्ष अभ्यास, २०१९ मध्ये पुन्हा परीक्षा, पुन्हा तेच. पोरगी वाळली, बोलेनाशी झाली, मैत्रिणींचे फोन घेईना. एका रात्री पाणी प्यायला उठले तर अंधारात ओट्याला टेकून उभी. मी जवळ घेतले, तेव्हा एवढेच म्हणाली, “आई, तू मला एकदा तरी विचारलं असतंस.”

मैत्रिणींनो, तिने भांडण केले असते तर बरे वाटले असते. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माझा चेहरा पाहून ओळखले. म्हणाल्या, “अगं, बी कुठलं ते न बघताच पाणी घालत बसलात तुम्ही.”

पुढे ती बी.ए.ला गेली, अर्थशास्त्र घेऊन. सायन्सची बारावी झालेल्यांना कलाशाखेचा दरवाजा उघडा असतो, हे त्यातल्या त्यात नशीब. आज ती एम.ए. होऊन एका संस्थेत बचत गटांच्या पाहणीचे काम करते, खेडोपाडी हिंडते, घरी आली की तासन् तास बोलते. सगळे चांगले झाले. पण वयाच्या सोळा ते एकोणीस ही तीन वर्षे तिला मी परत देऊ शकत नाही.

धाकटा २०२३ साली दहावीला बसला. परीक्षेआधीच पाहुण्यांनी विचारायला सुरुवात केली आणि हा पठ्ठ्या सरळ म्हणे, “माहीत नाही.” या वेळी मी ठरवले, की याला ‘तू काय होणार?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने पाहिलेली माणसे किती? शिक्षक, डॉक्टर, दुकानदार आणि घरचे. न पाहिलेल्या कामातून तो निवड तरी कशी करणार? आपण बाजारात भाजी घेताना देठ मोडून बघतो, आणि मुलाचे आयुष्य मात्र नाव ऐकून ठरवतो!

मग मी आधी नुसते बघायला लागले. हा न सांगता काय करतो? अभ्यासाचे पुस्तक उघडले की त्याला तहान लागायची, झोप यायची. पण आमच्या माडीवरच्या खोलीचे बांधकाम चालू होते, तिथे मात्र तासन् तास उभा. गवंडीकाका ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघायचे, हा शेजारी. एकदा त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी भिंतीच्या दोन टोकांना धरली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर का येते, हे त्याने मला भाकऱ्या करता करता समजावून सांगितले. पिठात बोटाने रेघ ओढून!

तरी मी लगेच “इंजिनिअर होणार गं बाई” म्हणून नाचले नाही. आवड नुसती वरवरची असू शकते. मुलांना क्रिकेट बघायला आवडते म्हणून सगळी थोडीच खेळाडू होतात! दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल लागेपर्यंत दोन महिने हातात असतात. ते आपण लग्नकार्यांत आणि मोबाईलवर घालवतो. मी याला तीन ठिकाणी आठवडा आठवडा पाठवले. काम करायला नव्हे हं, नुसते बसून बघायला.

पहिला आठवडा माझ्या भावाच्या औषधांच्या दुकानात. तिथे फक्त गोळ्या द्यायच्या नसतात. प्रत्येक खोक्याची मुदत तपासायची, मुदत संपत आलेला माल वेगळा काढायचा, बिले लावायची. हा संध्याकाळी जांभया देत घरी यायचा. दुसरा आठवडा शेजारच्या वहिनींच्या यजमानांकडे, ते कर सल्लागार आहेत. तिथे दुसऱ्याच दिवशी याचे पोट दुखायला लागले. तिसरा आठवडा ह्यांच्या ओळखीच्या एका इंजिनिअरच्या बांधकामावर. ऐन एप्रिलचे ऊन. सळया मोजायच्या, विटांचे ट्रक आले की नोंद करायची, स्लॅबला वेळेवर पाणी मारले का बघायचे. पहिल्या दिवशी काळाठिक्कर पडून आला. मला वाटले, हेही फसले. पण जेवण झाल्यावर वही काढून बसला. म्हणाला, “आई, सळयांचा हिशेब दोन नगांनी चुकतोय. कुठे चुकला ते सापडल्याशिवाय झोप येणार नाही.”

तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक कामाचा एक गोड भाग असतो आणि एक कंटाळवाणा. डॉक्टरचे नाव गोड, पण वर्षानुवर्षांचे पाठांतर आणि रात्रीची जागरणे कंटाळवाणी. मुलाला कामाचा गोड भाग आवडतो की नाही हे बघण्यात अर्थ नाही, तो सगळ्यांनाच आवडतो. ज्या कामातला कंटाळवाणा भाग मूल कुरकुर न करता सोसते, ते काम त्याचे. तुमच्याआमच्या संसाराचेही तसेच नाही का? ज्या माणसासाठी आपण रोजची भांडी घासतो, ते माणूस आपले!

निकाल लागला, चौऱ्याऐंशी टक्के. मुलगा म्हणाला, “मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय.” हे भडकले. “चौऱ्याऐंशी टक्के मिळवून डिप्लोमा? अकरावी सायन्स कर, मग बघू.” मुलाचा चेहरा उतरला. अगदी त्या दिवाळीत दारात उभ्या असलेल्या त्याच्या ताईसारखा.

मी काही बोलले नाही. आत गेले, कपाटातली पिशवी काढली आणि विजेच्या बिलांखालचा तो २०१६ सालचा कागद ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. ह्यांनी तो कितीतरी वेळ वाचला. घास तसाच हातात. मग हळूच म्हणाले, “अर्जाची शेवटची तारीख कधी आहे?”

आज तो तंत्रनिकेतनात शिकतो. सगळे गुळमुळीत गोड चालले आहे असे समजू नका. पहिल्याच वर्षी गणिताचा एक विषय राहिला, तेव्हा दोन दिवस घरात सुतक असल्यासारखे होते. पण त्याने “जमत नाही” म्हटले नाही. “पुन्हा बसतो” म्हणाला आणि पुढच्या वेळी सोडवला. उद्या त्याचे मन बदलले तर? बदलू दे. या वेळी परतीचा रस्ता आम्ही आधीच बघून ठेवला आहे.

आणि हा रस्ता बघणे हे आपले, आयांचे काम. आपल्याला सगळे कळायला हवे असे नाही, पण चार गोष्टी विचारून ठेवल्या तर घरात आपल्या शब्दाला वजन येते. मी गोळा केलेल्या तुम्हाला सांगते.

तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा असतो आणि प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. तो झाल्यावर नोकरी करता येते, किंवा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे डिप्लोमा केला की पदवी बुडाली, हा समज खोटा. आयटीआयला नाक मुरडू नका. इलेक्ट्रिशियन, फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एका वर्षाचा. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते. हाताने काम करणारी मुले वर्गात ‘ढ’ ठरतात आणि इथे चमकतात.

अकरावी सायन्स घेताना डॉक्टरकीसाठी जीवशास्त्र लागते, इंजिनिअरिंगसाठी गणित. मुलाचे नक्की नसेल आणि अभ्यासाचा बोजा झेपत असेल तर दोन्ही विषय ठेवता येतात. झेपत नसेल तर मात्र ‘असू दे दोन्ही’ म्हणून लादू नका. सायन्समधून पुढे कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळता येते, पण आर्ट्स करून मेडिकलला जाता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा. मात्र म्हणून प्रत्येकाला सायन्सलाच घालावे असा त्याचा अर्थ नाही. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कुठल्याही शाखेच्या मुलाला खुला आहे, त्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सीएची पहिली परीक्षाही कुठल्याही शाखेची बारावी झाल्यावर देता येते. स्पर्धा परीक्षांना बहुतेक ठिकाणी कुठलीही पदवी चालते. आणि २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरताना मुलाच्या शेजारी बसा, नुसते सायबर कॅफेवाल्यावर सोपवू नका.

शेवटी माझे तीन प्रश्न. ते मुलाला विचारायचे नाहीत बरं का, आपण स्वतःला विचारायचे. माझे मूल न सांगता काय करते? कुठल्या कामाचा कंटाळवाणा भाग ते सोसते? आणि हा रस्ता चुकला तर परत कुठून वळता येईल?

आणि एक चौथाही, जो मी फार उशिरा विचारला: हे जे मी त्याच्यासाठी मागते आहे, ते त्याला हवे आहे, की मला हवे होते?

तेव्हा यंदा तुमच्या घरी पेढे आले आणि मूल “माहीत नाही” म्हणाले, तर लाजू नका, रागावू नका. ‘माहीत नाही’ म्हणणारे मूल खरे बोलत असते. पाहुण्यांना दुसरा पेढा द्या आणि म्हणा, “बघतोय आम्ही दोघं मिळून.” मग खरोखरच बघायला लागा. आणि ऐन दिवाळीत मूल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, तर गॅस बंद करा. चकल्या काय, नंतरही तळता येतात.