पाच लिटर

सॅक भरताना मी सगळ्यात आधी पाणी ठेवते. बाकीचं सामान त्याच्याभोवती बसवायचं. फेब्रुवारी संपताना नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा तर माणशी पाच लिटर लागतं. म्हणजे पाठीवर पाच किलो, आणि ते पाठीच्या मणक्यालगत, खांद्यांच्या पातळीला. खाली किंवा बाहेरच्या कप्प्यात ठेवलं, तर कातळावर नेमकं नको तेव्हा ते आपल्याला मागे ओढतं.

ठाण्यातल्या आमच्या इमारतीला अकरा मजले आहेत. आठवड्यातून चार दिवस, पहाटे साडेपाचला, मी पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक पाठीला लावून ते जिने चढते आणि उतरते. चौथ्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून विचारतात, "या खेपेला कुठला डोंगर?" डोंगरात जाणाऱ्या माणसाचा रोजचा दिवस असा जिन्यांवर जातो. नखं कापलेली आहेत ना, बुटाचा तळ झिजला नाही ना, दोराला कुठे धागा सुटलाय का, हे बघण्यात शुक्रवारची संध्याकाळ जाते. मला ही तयारी मनापासून आवडते. गडावर पोचण्याचा आनंद तासाभराचा असतो, ही तयारी आठवडाभर पुरते.

या खेपेला बरोबर भाची होती. वय एकोणीस. सोपे गड तिने बरेच केलेत, पण घाटवाट ही पहिलीच. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांपैकी एका एस.टी.त बसलो. मुरबाड गेलं, टोकावडे गेलं, आणि खिडकीतून येणारी हवा एकदम गार झाली. बेलपाड्यात पोचलो तेव्हा गाव झोपलं होतं. ज्यांच्याबरोबर वर जायचं ते बाबा कंदील घेऊन वाटेवर उभे होते. त्यांच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्या. समोर आकाशाचा खालचा अर्धा भाग नुसता काळा होता, एकही चांदणी नसलेला. भाचीने विचारलं, "मावशी, तिकडे ढग आलेत का?"

"ढग नाहीत गं. तो कडा आहे."

ती बराच वेळ उठून बसली होती.

पहाटे पाचला कोरा चहा झाला. तेवढ्यात बाबांची सून डोक्यावर दोन हंडे घेऊन अंगणात आली. आमचा दिवस सुरू व्हायच्या आधी तिची एक खेप झालेली होती. "औंदा हीर लवकर खाली गेली," बाबा म्हणाले. हीर म्हणजे विहीर. दोघींच्या मिळून दहा लिटरच्या बाटल्या आम्ही ठाण्याहूनच भरून आणल्या होत्या. गावातलं पाणी घ्यायचं नाही, हा माझा जुना नेम आहे आणि तो मी कोणत्याही ऋतूत मोडत नाही. पावसाळ्यात याच कड्यावरून धबधबे कोसळतात आणि बेलपाड्याच्या ओढ्यात पाऊल टाकता येत नाही, पण सह्याद्रीचा हा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. लाव्ह्याचे थरावर थर साचून हे डोंगर झाले आहेत. पडलेला पाऊस उतारावरून धावत निघून जातो आणि होळीच्या आसपास पायथ्याची गावं तहानू लागतात.

गावाबाहेर पडलं की वाट ओढ्याच्या पात्रात शिरते, आणि मग वाट अशी राहतच नाही. धोंडेच धोंडे. काही माठाएवढे, काही खोलीएवढे, पुराने घासून गुळगुळीत झालेले. एकावरून दुसऱ्यावर पाय टाकताना तिसरा कुठला हे आधी बघून ठेवायचं. कुठला धोंडा बसका आहे आणि कुठला डुगडुगणार, हे पावलाला हळूहळू कळायला लागतं. भाची पहिला तासभर उड्या मारत होती. मग बाबांकडे बघून तिने आपणहून चाल बदलली. बाबा साठीच्या पुढचे, पायात साध्या रबरी चपला. ते कुठेच घाई करत नव्हते आणि कुठेच थांबतही नव्हते. त्यांचं पाऊल धोंड्यावर टेकायचं आणि जरासं दबायचं, जणू आधी विचारून मग वजन टाकतंय. वीस वर्षं डोंगरात जाऊनही मी ते पाऊल अजून शिकते आहे.

नळीचं, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीचं, तोंड पश्चिमेला आहे. त्यामुळे सकाळी आत सावली असते आणि दुपारी तीच नळी भट्टी होते. सावली असेपर्यंत जितकं चढून घेता येईल तितकं घ्यायचं. पाण्याचा हिशेबही त्यावरच बसवायचा. पहिला लिटर पात्र संपेपर्यंत, दुसरा आणि तिसरा नळीत, चौथा कातळटप्प्यांनंतर उन्हात, आणि पाचव्याला माथा दिसेपर्यंत हात लावायचा नाही. दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान लागण्याची वाट न बघता. दुपारच्या बाटलीत मीठ-साखर-लिंबू, नाहीतर घामावाटे मीठ जाऊन पोटऱ्यांत गोळे येतात आणि कातळावर गोळा येणं परवडणारं नाही.

दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ आल्या तसं आम्ही बोलणं बंद केलं. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. ओरडायचं नाही, अत्तर लावून यायचं नाही, धूर करायचा नाही. कानावर फक्त श्वास, आणि बुटाखालून निसटलेला एखादा खडा खाली टणटणत जातानाचा आवाज. आता डोंगराचे थर अगदी डोळ्यांसमोर होते. खालचा घट्ट काळा, त्यावर भोकाभोकांचा, मग पुन्हा काळा.

पहिल्या कातळटप्प्यावर बाबा हातांनीच चढून गेले आणि वर दोर बांधला. भाचीला मी एवढंच सांगितलं, "दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय. तीन ठिकाणी धरलेलं असल्याशिवाय चौथं हलवायचं नाही." ती चढली, व्यवस्थित चढली. वर पोचून सॅक उतरवताना तिच्या बाजूच्या कप्प्यातली बाटली निसटली. एकदा आपटली, दोनदा आपटली, मग नुसताच आवाज येत राहिला. एक लिटर गेलं.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सॉरी मावशी" असं ती तीन-चारदा म्हणाली. मी तिला काही बोलले नाही, कारण त्या क्षणी माझ्याही डोक्यात नुसती वजाबाकी चालू होती. दहाच्या बेरजेतले साडेतीन पिऊन झालेले, एक गेलेलं, उरले साडेपाच, तिघांत. बाबांच्या गळ्यात फक्त एक छोटी बाटली होती. मी माझ्यातली एक काढून तिच्या सॅकमध्ये ठेवली, या वेळी आत. बाहेरच्या कप्प्यात बाटली ठेवू दिली ही चूक माझी होती. नेमकं सांगायचं ते मी सांगितलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "ताई, भिऊ नका. वर झिरा हाय."

झिरा कातळाच्या दोन थरांच्या सांध्यात होता. मी या वाटेने आधी दोनदा गेले आहे आणि दोन्ही वेळा त्याच्या हातभर अंतरावरून गेले असणार. बाहेरून दिसतं ते एवढंच, की काळ्या भिंतीवर वीतभर पट्टा ओला आहे आणि तिथे शेवाळ आहे. वरच्या सच्छिद्र थरातून हळूहळू उतरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि सांध्यातून बाहेर येतं. बाबांनी करवंदीचं पान खुडलं, त्याची पन्हळ करून सांध्यात खोचली. पानाच्या टोकाला थेंब जमला, फुगला, लोंबला आणि सुटला. मग दुसरा. खाली बाटली धरून आम्ही बसलो. मी मनात मोजत होते. दोन थेंबांमध्ये एक श्वास मावत होता. बाटलीचा तळ झाकायलाच अर्ध्या तासाहून जास्त लागला आणि तेवढ्यात ऊन नळीत उतरलं. पण मला त्या अर्ध्या तासाची घाई झाली नाही. भाचीने पहिला घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग म्हणाली, "याला दगडाची चव आहे." खरंच होती.

पुढचे टप्पे, घसारा, वाळक्या गवताची निसरडी आडवी वाट, आणि पायाखाली थेट कोकण दिसत असतानाची ती शेवटची धार, यावर खूप लिहून झालं आहे. उंचीची भीती असणाऱ्याने इथे येऊ नये, एवढं सांगते. आम्ही तिघं चारच्या सुमाराला कोकणकड्याच्या पठारावर आलो, तेव्हा पाचवा लिटर शिल्लक होता.

कोकणकडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. कड्यावर पालथं पडून, दुसऱ्याला पाय धरायला लावून खाली बघायचं, आणि आपण सकाळी जिथून निघालो ते घर शोधायचं. पावसाळ्यात खालून चढणारे ढग या वाटीत भरतात आणि सूर्य पाठीशी असला तर ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. त्यालाच इंद्रवज्र म्हणतात. १८३५ साली कर्नल साइक्स यांनी ते इथे पाहिल्याची नोंद आहे. मला ते अजून दिसलेलं नाही. त्या संध्याकाळी तर हवेत बाष्पाचा थेंबही नव्हता, ओठ तडकले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच देवळाकडे गेलो. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर खळग्यात आहे, साधारण १६ मीटर उंचीचं, नक्षीने भरलेलं. चांगदेवांनी इथे तप केलं आणि 'तत्त्वसार' लिहिला असं मानतात. जवळच्या केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं पाणी आहे, हाडं गोठवणारं. चार खांबांपैकी एकच उभा. पण मला इथे सगळ्यात जास्त भारावून टाकतात ती टाकी. कातळ पाणी धरत नाही, हे ओळखून कुणीतरी मऊ थर शोधला, छिन्नीने खोदला आणि पाऊस साठवायची सोय केली. नाणेघाटातही वाटेवर अशीच टाकी आहेत. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याहून बैल घेऊन चढणारे व्यापारी माझ्यासारखाच घोटांचा हिशेब करत असणार.

टाक्यापाशी चार-पाच मुलं रात्रीची ताटं घासत होती. साबणाचा फेस पाण्यावर पसरला होता. मी आवाज चढवला नाही, पण थांबलेही नाही. म्हटलं, "बाळांनो, हेच पाणी वर येणारे सगळे पितात. तुम्हीही रात्री हेच प्यायलात." त्यातल्या एकाने मान खाली घालून ताटं उचलली, बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. शनिवार-रविवारी इथे इतके तंबू लागतात, की पठाराला गावाचं रूप येतं. गर्दीचा मला राग नाही, मीही त्या गर्दीतलीच आहे. पण शेकडो वर्षं टिकलेलं पाणी आपण एका हिवाळ्यात नासवत असू, तर डोंगरावर प्रेम आहे असं म्हणायचा हक्क आपल्याला उरत नाही. भाची तोवर आसपासच्या रिकाम्या बाटल्या गोळा करू लागली होती. सव्वीस भरल्या. चेपून दोन सॅकमध्ये बसल्या.

वर, जिथे फेस पोचला नव्हता अशा दुसऱ्या टाक्यातून, आम्ही पाणी भरून घेतलं. बाबांनी हात लांबवून दाखवलं. या देवळाशी निघालेली मंगळगंगा पाचनईकडे उतरून मुळेला मिळते, मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला, आणि ते पाणी पार पूर्वेच्या समुद्रात जातं. आणि कड्यापलीकडे पडलेला थेंब काळू नदीवाटे उल्हासात, तिथून अरबी समुद्रात. बाबांना समुद्रांची नावं सांगायची नव्हती. ते म्हणाले, "हिकडचा पाऊस हिकडं जातो, तिकडचा तिकडं. आमच्या वाट्याला उन्हाळ्यात कुठलाच न्हाई."

उतरताना साधले घाट धरला. गुडघ्यांची परीक्षा होती, बाकी वाट प्रेमळ. बेलपाड्यात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. ओसरीवर टेकल्यावर बाबांच्या सुनेने न विचारता दोन तांबे पुढे ठेवले. भाचीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तशी ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे आहे," आणि सॅकमधून बाटली काढली. दीड लिटर उरलं होतं. ओझं हलकं करावं म्हणून ती अंगणातल्या तुळशीकडे निघाली.

"ओतू नको, पोरी," आतून आवाज आला. बाबांच्या घरच्या आजी भिंत धरत बाहेर आल्या. "गडावरचं हाय?"

"हो आजी. देवळाजवळचं."

दर महाशिवरात्रीला त्या गडावर जायच्या. गुडघे गेल्यापासून जाणं झालेलं नव्हतं. त्यांनी ओंजळ पुढे केली. भाचीने वाकून त्यात पाणी घातलं. आजींनी ते डोळ्यांना लावलं, एक घोट घेतला, आणि ओला हात नातवाच्या टाळूवर फिरवला. तोवर सुनेने हंड्यावरची ताटली काढून ठेवली होती. उरलेलं सगळं पाणी भाचीने त्यात ओतलं. शेवटचे थेंब पडेपर्यंत तिने बाटली उलटी धरून ठेवली.