बार्लीचा काढा

आमच्या घराण्यात आजवर कोणी काही गाळलं असेल तर तो फक्त चहा! तेव्हा आम्ही घरी बिअर करायला घेतली, ही बातमी मंडळाच्या सहलीत फुटली तेव्हा अनेकांच्या भुवया वर गेल्या. म्हणून खरा प्रकार काय झाला तो आम्हीच सांगून टाकतो.

सुरुवात झाली ती शेजारच्या आजोबांमुळे. मेलबर्नला आल्यापासून आम्ही पाहतो आहोत, आपल्याकडे जशी घरोघरी लोणची मुरत असतात तशी इकडे गराजमध्ये बिअर मुरत असते. स्वतःपुरती केली तर परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. ॲडलेडच्या कूपर्स या १८६२ सालच्या कंपनीचे तयार अर्काचे डबे सुपरमार्केटात मिळतात. डबा फोडा, पाणी घाला, यीस्ट टाका, झालं. पण आजोबा म्हणाले, "ते म्हणजे पाकिटातलं सूप. खरी मजा धान्यापासून करण्यात आहे." झालं! आमच्यातला कोकणस्थ जागा झाला. धान्य डब्यापेक्षा स्वस्त पडतं, हेही त्यांनी सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला पाचच लिटर करायची ठरली. एक किलो शंभर ग्रॅम बार्लीचं माल्ट भरडून आणलं. एवढं धान्य भिजवायला कापडी पिशवी लागते. चिरंजीवांनी (वय वर्षे २१) शोधाशोध करून आईचं, म्हणजे आमच्या सौ.चं, चक्का बांधायचं फडकं पळवलं. पातेलं पुरणाचं. सौ. एवढंच म्हणाली, "पाडव्याला श्रीखंडाला वास आला तर बघा."

या सगळ्यात आम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे विसरलो होतो. साताऱ्याहून आमची आई आलेली होती. वय ८२, गळ्यात तुळशीची माळ. ईस्टरच्या शनिवारी ती दुपारी झोपते तेवढ्यात उरकून टाकू, असा बेत होता. पण धान्यापासून बिअर म्हणजे सहा तासांचं काम, हे कोणाच्या लक्षात?

पाणी ६९ अंशांपर्यंत तापवून त्यात माल्टची पिशवी सोडली. आता तासभर तपमान ६६-६७ अंशांवर ठेवायचं. आम्ही गॅस बंद करायला विसरलो आणि काटा ७५ वर! "बाबा, एन्झाइम्स मरतील!" चिरंजीव ओरडले. गार पाणी ओतलं, पातेलं जमिनीवर ठेवलं, आणि या आरडाओरड्याने आई स्वयंपाकघरात आली.

"काय शिजतंय रे? वास छान येतोय."

"बार्लीचा काढा आहे, आई," आम्ही म्हणालो. पन्नाशी उलटलेला माणूस, पण इयत्ता चौथीत खोटं बोलायचो तसंच बोललो.

आईने झाकण उचललं, वास घेतला. "मोड आणून वाळवलेलं धान्य आहे हे. नाचणीचं सत्त्व करताना असाच गोड वास येतो." तिने चमचाभर चाखून पाहिलं. "बघ, साखर न घालता गोड झालंय."

चिरंजीव थक्क झाले. माल्ट म्हणजे तेच! दाण्याला मोड येताना त्यात एन्झाइम्स तयार होतात आणि कोमटाहून जरा जास्त गरम पाण्यात ती पिठाची साखर करतात. आमच्या आईने तीन नातवंडांना याच विद्येवर बाळसं आणलं होतं. ती आतून गोधडी घेऊन आली आणि पातेल्याला गुंडाळली. "ऊब धरून ठेवेल." तासाभराने मोजलं तर काटा ६५ वर.

मग पिशवी निथळून पाण्याला उकळी आणली, त्यात पाच ग्रॅम हॉप्स टाकले. ही हॉप्सची जात इथलीच, प्राइड ऑफ रिंगवुड. त्याचा उग्र कडू वास घरभर सुटला, तशी आई परत आली. "आता हे काय?" आम्ही गप्प. शेवटी चिरंजीव आपल्या मराठीत म्हणाले, "आजी, बिअर करतोय आम्ही."

आई काही बोलली नाही. गोधडी उचलली, घडी केली आणि खोलीत गेली. रात्री जेवलीही नाही.

आमचा मामा लालबागला राहायचा, गिरणीत साच्यावर होता. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि मामाचं पिणंही. आईकडे यायचा तेव्हा म्हणायचा, "खोकल्याचा काढा घेतलाय गं, ताई." तीन वर्षांत गेला. हे आम्हाला माहीत होतं. तरी नेमका तोच शब्द आमच्या तोंडून निघाला होता.

रस रात्रभर गार व्हायला ठेवला होता. यीस्ट म्हणजे त्याचं विरजण, ते सकाळी लावायचं होतं. तोवर ते नुसतं गोड-कडू पाणीच. रात्री दोनदा उठून आम्ही पातेल्यापाशी उभे राहिलो. सकाळी आईला म्हटलं, "तू सांग, ओतून देतो."

"हातभट्टी आहे का ही?"

"नाही. भट्टी लावून दारू गाळायला इथे परवाना नसेल तर बंदीच आहे. ही नुसती आंबवतात."

आई बराच वेळ चहा ढवळत बसली. "अन्न आहे, ओतू नकोस. पोरगा कधी नव्हे तो दिवसभर तुझ्याजवळ बसला, तेही पाहिलं मी. पण मला काढा म्हणून सांगू नकोस. दारूपेक्षा त्या काढ्यानं नेलं त्याला."

मग यीस्ट लावलं. चिरंजीवांनी हायड्रोमीटर बुडवून १.०४६ असा आकडा वहीत लिहिला. दोन आठवड्यांनी तो १.०१० झाला, म्हणजे मद्यार्क पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. पाऊण लिटरच्या सहा बाटल्या भरल्या, प्रत्येकीत मोजून सहा ग्रॅम साखर. जास्त झाली तर बाटली फुटते, हे आजोबांनी बजावलं होतं. उरलेला चोथा त्यांच्या कोंबड्यांनी फस्त केला.

पंधरा दिवसांनी पहिली बाटली उघडली. गढूळ होती, कडूही जरा जास्तच. आम्ही दोघांनी मागच्या ओट्यावर बसून ती संपवली. चिरंजीव नोकरीबद्दल बोलले, इथून सिडनीला जायचं मनात आहे, हेही पहिल्यांदाच बोलले. आई आत जप करत होती. दार उघडं होतं.

आई आता साताऱ्यात आहे. दर रविवारी फोनवर तब्येत, पाऊस, भाजी झाली की विचारते, "बाटल्या किती राहिल्या?" आम्ही कपाट उघडून मोजतो आणि आहे तोच आकडा सांगतो.