आम्ही फिरायला जातो, म्हणजे कुठे जातो?

दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडतो. उरणकडच्या माणसाला मुंबई गाठण्याची ही जुनी वाट. मोऱ्याला गाळ फार. ओहोटी लागली की लाँच अडते. म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहूनच आम्ही घरून निघतो. बायका पांढऱ्या साड्यांत, पिशवीत भाकरी-चटणी, मेणबत्त्या आणि पुस्तके घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे.

एका वर्षी लाँचमधला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "चालले बघा फुकटात मुंबई फिरायला!" आमच्यातल्या एका आजींनी काही न बोलता पिशवीतून तिकीट काढले आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरले. तो खिडकीबाहेर बघू लागला.

तिकिटाचा प्रश्न आजींनी मिटवला. पण आमच्या मनातला प्रश्न तसाच राहिला. इतरांनी प्रवास केला की ते पर्यटन, तीर्थाटन, फार तर अभ्यासदौरा. आम्ही केला की ती गर्दी. असे का?

मित्रहो, जरा पर्यटनाचा इतिहास पाहू. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधली श्रीमंत घराणी आपल्या मुलांना शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून फ्रान्स-इटलीच्या लांबलचक सफरीवर पाठवीत. म्हणजे फिरणे ही वरच्या वर्गाची मिरास होती. ती मोडायला रेल्वे यावी लागली. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कूक नावाच्या कार्यकर्त्याने लेस्टरहून लाफबरोला खास गाडी नेली. माणशी एक शिलिंग, प्रवासी सुमारे पाचशे. आणि ही मंडळी कशासाठी चालली होती? दारूबंदीच्या सभेला! जगभरच्या पर्यटन व्यवसायाची सुरुवात जिथून सांगतात, ती सफर म्हणजे एका चळवळीच्या सभेला निघालेले साधे लोक होते. आता सांगा, आमची पांढऱ्या साड्यांतली आजी पर्यटनाच्या इतिहासात बसते की नाही?

आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पण गाडी सुरू झाली म्हणून रस्ता खुला झाला, असे नाही. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुलांना जावे लागले. वाटेत पाणी मिळाले नाही.

तोच भीमराव पुढे परदेशातल्या विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आला, बॅरिस्टर झाला. १९३४ साली सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाला. अस्पृश्य पर्यटकाला आडगावात काय भोगावे लागते हे ठाऊक असल्याने या मंडळींनी आपली ओळख उघड न करता प्रवास करायचे ठरवले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा होता. धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा सुरू झाला. तिथे जमलेले लोक मुसलमान होते. जातीचा रोग एका धर्मापुरता थांबत नाही, हे त्या दिवशी दिसले. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद पहारा देऊन त्यांना आत सोडले. या आठवणींच्या लेखनाला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव आहे. आपल्याच देशात फिरायला परवाना लागावा, याहून कडू नाव कोणते असेल?

याच माणसाकडे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरखाते आले. त्या काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या पगारी रजेची तरतूद झाली. रजा नाही, तर सहल कुठली? आज कामगाराचे कुटुंब माथेरानला चार दिवस जाते, त्यामागे ही लढाई आहे. तिचे नाव मात्र सहलीच्या जाहिरातीत कधी येत नाही.

आता आमच्या दारातली गोष्ट. मोऱ्याच्या धक्क्यावरून घारापुरी समोर दिसते. युनेस्कोने १९८७ साली तिला जागतिक वारसा यादीत घेतले. गेटवेहून लाँच भरभरून माणसे येतात, पहिल्या लेण्यातली भव्य त्रिमुखी मूर्ती पाहतात आणि परततात. ती मूर्ती पाहण्यासारखीच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच बेटाच्या पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन गेलो. वाट विचारली तर एक जण म्हणाला, "तिकडं काय नाय, नुसत्या विटा हायत." तरीही चढलो. वर गवतात बुजलेला उंचवटा. आमच्यातली सातवीतली मुलगी हिरमुसून म्हणाली, "एवढंच?"

आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. खोटे मोठेपण सांगावेसे वाटले नाही. मग सांगितले, की हो, एवढेच उरले आहे. आणि कोणी आलेच नाही, तर उद्या हेही उरणार नाही.

दोष आमचाही आहे. आम्हीही दोन दिवसांत पाच ठिकाणे उरकतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि त्या जागेची चार वाक्ये न वाचता घरी येतो. बुद्धाने आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी फिरत राहा, दोघांनी एकाच वाटेने जाऊ नका, असे सांगितले होते. आम्ही मात्र सगळे एकाच वाटेने जातो, जिथे आधीच गर्दी आहे तिथे.

म्हणून विनंती एवढीच. चैत्यभूमीला जा, दीक्षाभूमीला जा, महाडच्या तळ्यावर जा. पण आपल्या तालुक्यातली विसरलेली टेकडीही चढा. मुलांना सोबत न्या. आणि कोणी विचारले, "फुकटात फिरायला चाललात का?" तर आजींसारखे तिकीट दाखवा. ते फार महागात पडलेले तिकीट आहे.

जय भीम.