हेमकुंडाच्या वाटेवर

उत्तराखंडातील घांघरिया हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. श्रावणातील एका पहाटे वडील आणि मी तेथून हेमकुंडाकडे निघालो. वाट अवघी सहा किलोमीटरांची. परंतु हजार मीटरांहून अधिक चढणीची. "सावकाश चल," असे वडील वारंवार सांगत होते. पण मी सह्याद्रीतले गड चढलेला! त्यांचे बोलणे कानाआड करून मी झपझप पुढे गेलो.

हेमकुंडातून निघणारी लक्ष्मणगंगा खडकांवरून उड्या घेत खाली धावत होती. कड्याकड्यांवरून शुभ्र प्रपात कोसळत होते. त्यांचे तुषार अंगावर झेलीत मी चढत राहिलो. वृक्ष विरळ झाले, मग संपलेच. आणि एकाएकी माझे डोके ठणकू लागले, पोटात मळमळू लागले. मी एका शिळेवर मटकन बसलो. तेथील हवा इतकी विरळ, की एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोनतृतीयांशही नसतो.

मागून एक वृद्ध शीख आजी काठी टेकीत आल्या. "हौली हौली, पुत्तर," त्या म्हणाल्या. 'हळूहळू, बाळा,' असा त्याचा अर्थ. तोवर वडीलही पोहोचले. न रागावता त्यांनी मला पाणी पाजले. "बरे वाटले नाही, तर येथूनच परत फिरू. सरोवर कोठे पळून जात नाही."

मला फार लाज वाटली. विश्रांतीने ठणका ओसरला, तेव्हा आजींच्या मागोमाग, त्यांच्याच चालीने मी निघालो. आता कोठे मला वाटेवरची फुले दिसू लागली! खडकांच्या आडोशाला फिकट पिवळसर ब्रह्मकमळे उमलली होती. आपल्याकडे कुंडीत रात्री फुलणारे ब्रह्मकमळ निवडुंगाच्या कुळातले. हे हिमालयातले निराळेच.

धुके विरले आणि सरोवर दिसले. भोवती शिखरे, मध्ये निश्चल, नितळ पाणी. गुरू गोविंदसिंहांनी पूर्वजन्मी येथे तप केले, अशी शिखांची श्रद्धा आहे. त्यांनीच १७०८ साली आपल्या नांदेडला देह ठेवला. हे आठवताच ते दूरचे स्थळ मला जवळचे वाटले. आजींच्या शेजारी बसून लंगरातील गरम खिचडी मी खाल्ली.

तेथे मुक्काम करता येत नाही. म्हणून दुपारीच आम्ही उतरू लागलो. मी वडिलांच्या मागे चालत होतो. "का रे, आज पुढे धावायचे नाही?" त्यांनी विचारले.

"हौली हौली, बाबा," मी म्हणालो.